एसजी टेस्ट लाल चेंडू: नागपूरच्या मातीवर ऐंशी षटकं

टर्फ विकेटवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, खेळत असाल तर एसजी टेस्ट घ्या. मॅटवर किंवा सिमेंटवर खेळत असाल तर घेऊ नका, पैसे वाया जातील. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढचं बरंचसं याच फरकावर उभं आहे.

रणजी करंडकात आणि भारतात होणाऱ्या कसोट्यांमध्ये हाच चेंडू वापरतात. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ च्या मोसमात ६९ बळी घेतले ते याच चेंडूने. एका रणजी मोसमातला तो विक्रम आहे. त्याआधी बिहारच्या आशुतोष अमनचे २०१८-१९ मधले ६८ होते आणि त्याच्याही आधी बिशनसिंग बेदींचे १९७४-७५ मधले ६४. तिघंही डावखुरे फिरकी गोलंदाज. विदर्भाची गोलंदाजी येत्या मोसमात कुठवर जाईल याचा अंदाज बांधायचा असेल, तर ऐंशी षटकांत हा चेंडू कसकसा बदलत जातो हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. नागपुरात बर्डीच्या दुकानातून क्लबसाठी चेंडू घेणाऱ्या कॅप्टनलाही हीच माहिती लागते. म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्रच घेतल्या आहेत.

आधी वस्तू. एसजी म्हणजे सॅन्सपॅरेल्स ग्रीनलँड्स. ही कंपनी १९३१ मध्ये सियालकोटला सुरू झाली आणि फाळणीनंतर भारतात आली. आज तिचे चेंडू मेरठला बनतात. आत कॉर्क, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा आणि कॉर्कचे थर, वरून चामड्याचे चार तुकडे. दोन-दोन तुकडे आतून शिवून एक-एक वाटी होते आणि अशा दोन वाट्या मधल्या सीमवर, म्हणजे वर उठलेल्या मोठ्या शिवणीवर, जोडल्या जातात. सीमला टाक्यांच्या सहा रांगा असतात आणि एसजी टेस्टमध्ये सगळ्या हाताने घातलेल्या असतात. कूकाबुरा या दुसऱ्या कंपनीच्या चेंडूत आतल्या दोन रांगा हाताच्या आणि बाहेरच्या चार मशीनच्या. त्या चार रांगा दोन वाट्यांना धरून ठेवत नाहीत, त्यामुळे ती सीम लवकर बसते. ड्यूक हा इंग्लिश चेंडूही पूर्ण हातशिलाईचा, पण त्याची चमक जास्त टिकते आणि तो हवेत जास्त वेळ वळतो. एसजीचं बलस्थान त्याची सीम. दोरा जाड, टाके जवळजवळ. चमक लवकर जाते, पण सीम ऐंशीव्या षटकातही बोटाला लागते. फिरकीवाल्याला नेमकं हेच हवं असतं.

दुकानात चेंडू घेताना पाच मिनिटं द्या. काउंटरवरचा पहिलाच डबा उचलून घरी आणू नका. हाताने शिवलेले दोन चेंडू कधीही तंतोतंत सारखे नसतात, आणि हा फरक तुमच्याच मॅचमध्ये बाहेर येतो.

सगळ्यात आधी वजन. पुरुषांच्या नव्या चेंडूचं वजन नियमाप्रमाणे १५५.९ ते १६३ ग्रॅम. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. दुकानदाराकडे नसेल तर सोबत न्या. दोन्ही डावांसाठी दोन चेंडू घेताना दोघांच्या वजनात तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा, नाहीतर एका संघाला बरा आणि दुसऱ्याला जड चेंडू मिळाल्याची कटकट होते. मग घेर. टेलरच्या टेपने मोजा: २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. एकदा सीमवरून मोजा, एकदा सीमला आडवं. दोन मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत आली तर तो चेंडू आत्ताच अंडाकृती आहे. पंधरा षटकांनंतर अंपायरकडे पळावं लागेल.

यानंतर वाट्यांवरची आडवी शिवण बघा, जिला क्वार्टर सीम म्हणतात. ती चामड्याच्या पातळीत बसलेली हवी, नखाला अडायला नको. दोन वाट्यांवरच्या या शिवणी एकमेकींना काटकोनात असतात. त्या एका रेषेत दिसल्या तर जोडणी घाईत झालेली आहे. चेंडू फुगायला लागतो तो बहुतेक वेळा याच आतल्या शिवणीवरून, मोठ्या सीमवरून नाही. मोठ्या सीमवर अंगठ्याचं नख हळू फिरवा. सहाही रांगांची उंची सारखी वाटली पाहिजे. कुठे गाठ वर आलेली असेल, दोऱ्याचं टोक लोंबत असेल, तर तो चेंडू परत ठेवा. ते टोक तिसऱ्या षटकात उसवायला लागतं. शेवटी काचेच्या काउंटरवर चेंडू सीमवर उभा करून हळूच ढकला. डगमगत गेला तर वजन एका बाजूला आहे. असा चेंडू स्विंग व्हायचा तेव्हा होत नाही, आणि गोलंदाज बिचारा मनगटाला दोष देत बसतो.

खांद्याच्या उंचीवरून दोन चेंडू एकदम सिमेंटवर टाकून बघायची जुनी पद्धत अजूनही कामाची आहे. एक टप्पा खाऊन बराच वर आला आणि दुसरा मेल्यासारखा पडला, तर दोघांचा गाभा एक नाही. हे दुकानात करायला दुकानदार परवानगी देईलच असं नाही. तेव्हा निदान दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी दाबून चामडं किती आत जातं ते तरी बघा. नव्या चेंडूचं चामडं दबता कामा नये. बिल जरूर घ्या. नामांकित चेंडूंची नक्कल बाजारात फिरते, आणि शिक्का पुसट असेल, डब्यावरची छपाई अस्पष्ट असेल तर तो डबा उघडायचीही गरज नाही.

लहान मुलांसाठी हा चेंडू घेऊ नका. तेरा वर्षांखालच्यांसाठी नियमातच १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू आहे, घेर २०.५ ते २२ सेंटिमीटर. महिलांसाठी १४० ते १५१ ग्रॅम. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठा चेंडू दिला की दोन बोटं सीमवर पोचत नाहीत, तो चेंडू तळव्यात धरतो, आणि ती चुकीची पकड पुढची पाच वर्षं सुटत नाही. अकादमीवाल्यांनी पैसे वाचवायला सगळ्या गटांना एकच चेंडू देणं थांबवावं. खांद्याच्या दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

आता मैदानात.

नागपूरची काळी माती चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. भिजली की जड होते, सुकली की तिला भेगा पडतात. तिच्यावरून चेंडू सहसा हळू येतो आणि कमी उसळतो. एसजी टेस्टची उभी सीम आणि सकाळी किंचित ओल असलेली काळी माती यांचा मेळ फार चांगला बसतो. सीम मातीत थोडी रुतते, चेंडू इंच-दोन इंच सरकतो. त्याच वेळी एक बारीक खळगा पडतो. ऊन चढलं की असे खळगे कडक होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखादा चेंडू अचानक खाली राहतो, एखादा वर उठतो. पहिल्या सकाळी चाळीस मिनिटं सीम उभी ठेवून टप्प्यावर टाकणारा गोलंदाज आपल्या फिरकीवाल्यांसाठी विकेटही तयार करत असतो. नव्या चेंडूचं विश्लेषण फक्त बळींच्या रकान्यावरून करू नये ते यासाठी.

जामठ्यावर, म्हणजे नागपूरच्या आताच्या कसोटी मैदानावर, हे अनेकदा दिसलं आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने कसोटी पदार्पणात एका डावात २१५ धावा देऊन ८ बळी घेतले. धावाही भरपूर आणि बळीही भरपूर, कारण चेंडू वळत होता पण फलंदाजाकडे खेळायला वेळ होता. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ वर संपला आणि अश्विनने दुसऱ्या डावात ६६ धावांत ७ घेतले. त्या खेळपट्टीला आयसीसीने ‘खराब’ ठरवलं. २०२३ मध्ये जडेजाने पहिल्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचे ४७ धावांत ५ बळी घेतले. याच शहरात, पण सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर, २००४ मध्ये गवत सोडलेल्या विकेटवर जेसन गिलेस्पीने सामन्यात ९ बळी घेऊन भारताला ३४२ धावांनी हरवायला मदत केली होती. शहर एक, माती जवळची, फरक पडला तो गवत आणि ओलीमुळे. म्हणून ‘नागपूर म्हणजे फिरकी’ हे वाक्य विकेट बघितल्याशिवाय उच्चारू नये.

पहिली बारा षटकं. चमक ताजी असते, वरचा थर शाबूत असतो, सीम धारदार. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी साडेनवाला ऊन चांगलंच चढलेलं असतं, तेव्हा हवेतला स्विंग फार काळ टिकत नाही. भरवसा सीमवर ठेवावा लागतो. जानेवारीत सकाळी थंडी आणि ओल असते, पहिला तास वेगवान गोलंदाजाचाच. या टप्प्यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे आखूड टप्पा. काळ्या मातीवर आखूड चेंडू कमरेच्या वर येत नाही, फलंदाज आरामात मागे जाऊन खेळतो, आणि चेंडू सीमऐवजी चामड्यावर आपटून विनाकारण घासतो. यष्टींपासून साडेपाच ते सहा मीटरवर टप्पा आणि सीम पहिल्या स्लिपकडे, एवढं पुरतं. हा चेंडू नवा असताना किती देतो, हे विदर्भाच्या उमेश यादवने जानेवारी २०१९ मध्ये वायनाडला दाखवलं. केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पहिल्या डावात ४८ धावांत ७ आणि सामन्यात ७९ धावांत १२ बळी. विकेटमध्ये जीव होता हे खरं, पण टप्पा वर ठेवला म्हणून तो जीव कामी आला.

कोणती बाजू चमकवायची ते पहिल्या चार-पाच षटकांत ठरवा. नव्या चेंडूच्या दोन्ही बाजू बघा. जिला आधी ओरखडा जाईल ती सोडून द्या आणि मग अकराही जणांनी एकच बाजू घासायची. एकाने उलटी बाजू पँटवर घासली की अर्ध्या तासाची मेहनत गेली. क्लब क्रिकेटमध्ये बहुतेक वेळा चेंडू ‘बनत’ नाही, म्हणजे हवेत वळण्याजोगा होत नाही, तो याच कारणाने. चेंडू सांभाळायची जबाबदारी एकाच क्षेत्ररक्षकाला द्या, शक्यतो मिडऑफला, आणि ज्याचे हात घामाने ओले होतात त्याला त्यापासून दूर ठेवा, कारण खडबडीत बाजू कोरडीच हवी. लाळ लावायला २०२२ पासून आयसीसीने कायमची बंदी घातली आहे, घाम चालतो. मात्र तोंडाला सनस्क्रीन फासून तोच घाम चेंडूला लावणं हे बाहेरचा पदार्थ लावण्यातच येतं, आणि दंड पाच धावांचा आहे. चेंडू ओला झाला तर टॉवेलने पुसता येतो, चिखल काढायचा तर अंपायरच्या देखत.

बारा ते पस्तीस षटकांचा काळ सगळ्यांना नीरस वाटतो. स्विंग गेलेला, रिव्हर्स (जुन्या चेंडूचा उलटा स्विंग) अजून आलेला नाही. ड्यूकवर वेगवान गोलंदाज इथेही काम करत राहतो. एसजीवर कॅप्टनने फिरकी आणावी. इथे विदर्भाची ताकद आहे. सीम इतकी उभी असते की तर्जनीच्या पहिल्या पेरावर ती रुतते, चेंडू घसरत नाही, आणि हात जोरात फिरवला तरी पकड सुटत नाही. डावखुऱ्या गोलंदाजाने चमकती बाजू योग्य ठेवली तर चेंडू हवेत आत येतो आणि टप्पा पडल्यावर बाहेर जातो. सीम तिरकी पडली तर वळतो, चामडं पडलं तर सरळ घुसतो. फलंदाजाला हातावरून फरक कळत नाही. यातला सरळ जाणारा चेंडूच जास्त पायचीत मिळवतो. आदित्य सरवटेने २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात जामठ्यावर सौराष्ट्रविरुद्ध ९८ धावांत ५ आणि ५९ धावांत ६ बळी घेतले, पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. सरवटे नंतर केरळकडे गेला आणि ती जागा मोकळी राहील अशी भीती होती. हर्ष दुबे आणि पार्थ रेखाडे या दोघांनी ती भरून काढली. २०२५ च्या उपांत्य सामन्यात रेखाडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना बाद केलं होतं.

पस्तीस ते साठ. इथे विकत घेणाऱ्याने नीट लक्ष द्यावं, कारण चेंडूच्या दर्जातला फरक याच टप्प्यात दिसतो. चांगल्या एसजी टेस्टची एक बाजू खरखरीत, दुसरी मळकट पण गुळगुळीत, आणि सीम अजून उभी. असा चेंडू ताशी १३५-१४० किलोमीटर वेगाने टाकला की तो रिव्हर्स होतो, चमकत्या बाजूकडे वळतो. जामठ्याचं आउटफिल्ड हिरवं आणि मऊ आहे, तिथे चेंडू घासायला वेळ लागतो. जे काही खरखरीत होतं ते मधल्या खेळपट्ट्यांच्या चौकोनातच. उलट शहरातल्या मुरुमाच्या मैदानांवर चेंडू दहा षटकांतच दोन्ही बाजूंनी खरखरीत होतो, आणि मग रिव्हर्स वगैरे काही होत नाही. दोन्ही बाजू खराब झालेला चेंडू म्हणजे फक्त जुना चेंडू. अशा मैदानावर उपाय एकच: क्षेत्ररक्षकाने फेक टप्पा न पाडता थेट विकेटकीपरच्या हातात द्यायची. मुद्दाम टप्पा पाडून चेंडू घासायचा प्रयत्न केलात तर अंपायर हटकतोच.

साठ ते ऐंशी. चेंडू मऊ होतो, बॅटवरून कमी वेगाने जातो, चौकार आटतात. सीमचे वरचे धागे पिंजलेले असतात, तरी बोटाला धार लागते. ऐंशी षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो, पण घ्यायलाच हवा असं नाही. दोन्ही टोकांनी डावखुरे फिरकीवाले फलंदाजाला बांधून ठेवत असतील तर आणखी पाच-सहा षटकं जुन्यावरच काढावीत. नवा चेंडू आला की तळाचे फलंदाज फटके मारतात आणि वीस धावा फुकट जातात. तेच समोर जमलेली जोडी असेल तर ऐंशी षटकं आणि एक चेंडू, लगेच नवा.

तक्रारी काय आहेत? पहिली आणि जुनी: आकार बिघडणं. २०१८ मध्ये विराट कोहलीने जाहीरपणे म्हटलं होतं की एसजीचा दर्जा पूर्वीसारखा राहिला नाही आणि कसोट्यांसाठी ड्यूक बरा. त्यानंतर चेंडूत बदल झाले. तरी हातशिलाईच्या वस्तूत डझनामागे एखादा सैल निघतो, हे गृहीत धरूनच खरेदी करावी. रणजीत अंपायरकडे दोन कड्यांचं माप असतं. मोठ्या कड्यातून चेंडू गेला पाहिजे आणि लहान कड्यातून जाता कामा नये. नाही बसला तर तितकाच जुना दुसरा चेंडू मिळतो. क्लबच्या सामन्यात अडचण इथेच येते, कारण तितकाच जुना चेंडू कोणाकडे नसतो, आणि मग नवा द्यायचा की पिशवीतला कुठलातरी काढायचा यावर भांडणं होतात. प्रत्येक क्लबने पाच-सहा जुने चेंडू एका डब्यात ठेवावेत, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून ‘२०’, ‘४०’, ‘६०’ असं षटकं लिहून. यात खर्च काहीच नाही. नागपूरच्या गुझदर लीगसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक संघाच्या किटमध्ये असा डबा असायला हवा.

दुसरी तक्रार पैशांची. साधारणपणे एका एसजी टेस्टच्या पैशात त्याच कंपनीचे क्लब प्रतीचे दोन चेंडू येतात. म्हणून सरसकट सगळ्यासाठी टेस्ट घेणं परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. सामन्याला टेस्ट किंवा टूर्नामेंट, रोजच्या नेटला क्लब किंवा लीग. एक मात्र करा: प्रत्येक वेगवान गोलंदाजाला आठवड्यातून एक सत्र चांगल्या सीमच्या चेंडूवर द्या. बसलेल्या सीमवर वर्षभर सराव करणारा मुलगा मनगट सरळ ठेवायलाच शिकत नाही, कारण ठेवलं काय आणि न ठेवलं काय, चेंडू सरळच जातो. निवड चाचणीत नवा एसजी टेस्ट हातात आला की तो लेगस्टंपच्या बाहेर सैरभैर टाकतो.

सामन्यात वापरलेला चेंडू फेकू नका. पहिली पन्नास षटकं सामन्याची, पुढचे दोन आठवडे फिरकीवाल्यांच्या नेटचे, त्यानंतर झेल आणि थ्रो-डाउन (हाताने फेकून द्यायचा फलंदाजीचा सराव). मॅटवर तो कधीही न्यायचा नाही. जूटची मॅट सीमचे धागे करवतीसारखी कापते आणि खालचं सिमेंट चामडं सोलून काढतं; तीन षटकांत नवा चेंडू महिनाभर जुना दिसायला लागतो. मॅटसाठी स्वस्तातला टू-पीस, म्हणजे चामड्याच्या दोनच तुकड्यांचा, घ्या, तो त्यासाठीच आहे.

नागपुरात चेंडू ठेवायची पद्धतही वेगळी लागते. स्कूटरच्या डिकीत, गच्चीवरच्या खोलीत, लोखंडी कपाटात चेंडू ठेवू नका. नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा पंचेचाळिशीला जातो तेव्हा डिकीतला चेंडू अक्षरशः भाजतो: वरचा थर तडकतो, चामडं सुकून आकसतं, सीम ढिली होते. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, सुती कापडात गुंडाळून, डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवून ठेवा. पावसाळ्यात उलटा त्रास. चामड्यावर पांढरी बुरशी येते, दोरा फुगतो. कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात नाही, गॅसजवळ नाही, हेअर ड्रायरने तर अजिबात नाही. खोबरेल तेल लावायची सवय बऱ्याच जणांना आहे. तेलाने चामडं मऊ होतं, चेंडू जड होतो आणि आकार आणखी लवकर जातो. चार महिन्यांचा साठा करून ठेवण्यापेक्षा मोसम सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस घेतलेला चेंडू केव्हाही बरा.

आता विदर्भाची गोलंदाजी, याच चेंडूच्या हिशेबाने.

२०१७-१८ चा पहिला करंडक वेगवान गोलंदाजाने आणला. रजनीश गुरबानीने त्या मोसमात ३९ बळी घेतले. कोलकात्यात उपांत्य सामन्याच्या शेवटच्या डावात ६८ धावांत ७ घेऊन कर्नाटकला ५ धावांनी रोखलं, आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक. तिघंही त्रिफळाचीत. सीम सरळ, टप्पा वर, यष्टींवर रोख. एसजीचा पूर्ण वापर म्हणजे हेच. २०१८-१९ चा करंडक सरवटेचा. २०२४-२५ चा दुबेचा. त्या अंतिम सामन्यात केरळला ३४२ वर रोखताना दर्शन नळकांडे, दुबे आणि रेखाडे यांनी प्रत्येकी तीन बळी घेतले आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक नागपुरात आला. एक वेगवान, दोन डावखुरे, प्रत्येकी तीन. पुढच्या मोसमातही याच वाटणीवर उभं राहता येईल.

काळजी एकाच टप्प्याची आहे, पस्तीस ते साठ. नव्या चेंडूला नळकांडे आहे. हात उंच, टप्पा वर. बारा षटकांनंतर दुबे-रेखाडे आहेतच. पण जमलेली जोडी समोर असताना जुन्या चेंडूने, वेगाने, यॉर्करच्या टप्प्यावर टाकणारा एक गोलंदाज लागतो, आणि उमेश यादवने इतकी वर्षं केलेलं हे काम आता आयतं मिळत नाही. यश ठाकूरकडे त्यासाठीचा यॉर्कर आहे, आयपीएलमध्ये तो दिसला आहे. प्रश्न लाल चेंडूने दिवसाचं सोळावं-सतरावं षटक टाकताना वेग टिकतो का, हा आहे. दुसरा वेगवान गोलंदाज नचिकेत भुतेला ते काम द्यायचं तर त्याला नवा चेंडू न देता पहिला स्पेलच चाळिसाव्या षटकात द्यावा, म्हणजे तो ताजा असेल.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. रणजीचे सुरुवातीचे सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मग मधे पांढऱ्या चेंडूच्या दोन स्पर्धा, आणि उरलेले साखळी सामने जानेवारीत. त्या दोन महिन्यांत हात पांढऱ्या चेंडूचे टप्पे शिकतो: एक आखूड, एक यॉर्कर, एक हळू. जानेवारीत लाल चेंडू हातात आला की पहिले दोन सामने टप्पा शोधण्यात जातात, आणि बाद फेरीची पात्रता त्याच दोन सामन्यांवर असते. यावर उपाय नेटमध्येच आहे. पांढऱ्या चेंडूची स्पर्धा सुरू असतानाही वेगवान गोलंदाजांनी आठवड्यात दोनदा लाल एसजी टेस्टने सहा-सहा षटकांचे दोन स्पेल टाकावेत, एक नव्या चेंडूने आणि एक चाळीस षटकं जुन्या चेंडूने. जुन्याची चिकटपट्टी लावलेला तो डबा इथेही कामाला येतो. फिरकीवाल्यांना एवढी गरज नाही. दुबेसारख्याचा टप्पा चेंडूच्या रंगाने बदलत नाही, फक्त वेग ताशी चार-पाच किलोमीटरने खाली आणावा लागतो.

जानेवारीत जामठ्यावर जाणार असाल तर पहिला तास चुकवू नका, आणि जेवणानंतरची दहा षटकंही नाही. चाळिसाव्या षटकाच्या आसपास यष्टिरक्षक वेगवान गोलंदाजाला दोन पावलं पुढे येऊन उभा राहिला आणि स्लिपमधला एक जण शॉर्ट मिडविकेटला गेला, की समजा चेंडू बनला आहे.